बारा कोरी हेल्मेटं

मजुराचा जीव ठेकेदाराला स्वतःच्या जिवाहून प्यारा होता. म्हणूनच बारा मजुरांसाठी आणलेली बारा हेल्मेटं ओरखडाही उठू नये अशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ऑफिसातल्या कपाटावर ठेवली होती. मजुरांचा विमा उतरवल्याशिवाय पुढचं काम मिळणार नव्हतं, आणि विमा कंपनीच्या बाई पाहणीसाठी फाटकाशी आल्या. हेल्मेटं काढायला ठेकेदार ऑफिसच्या चाकं असलेल्या खुर्चीवर चढला. आजच कामाला लागलेली बारावी मजूरबाई दारातून म्हणाली, "मालक, हलणाऱ्या वस्तूवर चढायचं नाही, तुम्हीच सकाळी शिकवलंत." "ते नव्यांसाठी. मी यातच म्हातारा झालोय." खुर्ची दाराकडे निघाली, ठेकेदार जमिनीकडे. मागोमाग हेल्मेटंही त्याच्या अंगावर उतरली. विमाबाईंनी आत येऊन ती मोजली, "एकही ओरखडा नाही" असं लिहिलं आणि विमा मंजूर केला. पायाला प्लास्टर घालून घेताना ठेकेदाराने पॉलिसी मागवली. तिच्यात बारा नावं होती. ठेकेदार तेरावा होता.