तांड्यासोबतचा फ्रेंच प्रवासी

घनश्यामने वाचन थांबवले, तरी इंदूबाईचे ध्यान त्या मजकुरातच होते. सुपातली तूर तशीच राहिली होती. हे तिचे हरवणे अलीकडे त्याला सोसवत नसे.

यवतमाळच्या एका शाळेत शिकवणारा घनश्याम १९६१च्या त्या उन्हाळ्यात एका फ्रेंच प्रवाशाचे पुस्तक मराठीत आणत होता. शंभर वर्षांपूर्वी तो प्रवासी लमाणांच्या तांड्यासोबत वऱ्हाडातून गेला होता. झालेला मजकूर घनश्याम संध्याकाळी बायकोला वाचून दाखवी.

"ते काट्याचं वाचा ना पुन्हा," इंदूबाई म्हणाली.

"कितीदा?"

"तुमचं काय जाते?"

त्याने वाचले. माळावर एका बाईच्या पायात काटा मोडतो. प्रवासी घोडा थांबवतो. ती काटा काढीत असताना तो तिच्याकडे पाहत नाही. बैलांच्या लांबत जाणाऱ्या सावल्या पाहत राहतो. ती उठून चालू लागते, तेव्हाच लगाम सैल करतो.

"मुलुख पाहाले निघालेला माणूस," ती हळूच म्हणाली, "अन् कुठं पाहू नाही, हेही त्याले समजे."

तिच्या चेहऱ्यावर काही उजळले. लग्नाच्या इतक्या वर्षांत ते घनश्यामच्या वाट्याला आले नव्हते. कुठल्या परक्या मातीत विरून गेलेल्या त्या माणसाचा त्याला हेवा वाटला.

"भोळी आहेस. ही मंडळी देश कुठे पाहत? देऊळ, डोंगर, घागर घेतलेली बाई. चित्रात शोभेल तेवढेच टिपायचे. उरलेले मोजून टाकायचे."

"हा तसा नव्हता."

"तुला काय ठाऊक?"

"तुम्हीच तं वाचलं. असा माणूस सोबत असला, तं मी पार नागपूरपर्यंत पायी जाईन." ती हसली. "जळून राह्यले काय? मेलेल्या गोऱ्यावर?"

घनश्यामने हातातले कागद खाली ठेवले.

"तोही तसाच होता, इंदू. मूळ फ्रेंच पानावर बैलांची संख्या आहे आणि विहिरीची खोली. बाई नाही, काटा नाही. ते मी लिहिले. घाटंजीच्या बाजारातून येताना काटा तुझ्या पायात मोडला होता."

इंदूबाईने सूप खाली ठेवले.

"तवा तं मोटर चुकते म्हणून तुम्ही पुढं निघून गेलते. थांबले काहून नाही?"

घनश्यामने चपला पायात सरकवल्या आणि अंगण ओलांडून तो रस्त्याला लागला.