निम्म्या दरात

"मिशी आहे ना? मग पाठवा की तिला माझ्याकडे," न्हावी म्हणाला. "बाईमाणूस म्हणून निम्म्या दरात करून देतो!"

अख्खं दुकान हसलं. खुर्चीत मान मागे टाकून बसलेलं गिऱ्हाईक तर गालावरचा फेस उडेस्तोवर हसलं. विषय त्यानेच काढला होता. त्याच्या कचेरीत नवी बाई कामाला लागली होती आणि तिच्या ओठावर म्हणे चांगली दाट लव होती. न्हाव्याने फक्त री ओढली. तोंड चालवल्याशिवाय का हा धंदा चालतो?

वस्तरा पुसता पुसता त्याने आरशात पाहिलं. दारात त्याची मुलगी उभी होती. हातात त्याचा डबा, आणि एवढ्या उकाड्यातही स्कार्फ नाकापर्यंत गुंडाळलेला.

हल्ली ती घरातसुद्धा तो स्कार्फ सोडत नव्हती, हे त्याला आत्ता एकदम जाणवलं. मागे मायलेकी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या होत्या, तेव्हा तो बाहेर बाकावर बसून राहिला होता. "बायकांचं दुखणं आहे," बायको म्हणाली होती, आणि पुढचं काही विचारावं लागलं नाही म्हणून त्याला बरंच वाटलं होतं.

मुलीने डबा टेकवला आणि ती निघून गेली.

"आलोच," असं कुणाला तरी म्हणत न्हावी तिच्यामागे धावला. ती झपाझप चालत होती. तिला गाठेपर्यंत त्याला धाप लागली.

"अगं, थांब जरा."

"थांबायचं नाही मला. डॉक्टरीणबाईंनी सलग चालायला सांगितलंय."

"मी तुला नव्हतो म्हणालो."

"मग कुणाला म्हणालात?"

तो तिच्या बरोबरीने चालू लागला. कोपऱ्यावर वळताना त्याने विचारलं, "कशानं होतं ते?"

"आतलं गणित बिघडतं, हार्मोन्सचं. पाळी चुकते, वजन वाढतं." ती समोर बघूनच बोलत होती. "मी खादाड आहे म्हणून नाही झालं, बाबा. आळशी आहे म्हणूनही नाही."

हे दोन्ही शब्द त्याचेच होते. जेवताना, सगळ्यांदेखत वापरलेले.

"मग औषध?"

"आहे. पण रोज चालणं, वेळेवर जेवण, पुरेशी झोप, हे त्याच्याइतकंच महत्त्वाचं."

"म्हणजे जाईल?"

"जात नाही. सांभाळलं तर ताब्यात राहतं."

त्याला आणखी एक विचारायचं होतं. नकळत त्याचा हात स्वतःच्या हनुवटीकडे गेला. तिने ते पाहिलं.

"केसांना वेळ लागेल म्हणाल्या."

"नाव काय त्याचं?"

"पीसीओडी."

"पीसी... ओडी," तो पुटपुटला.

"एवढं हळू का बोलता? दुकानात तर रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू येतं तुमचं."

असं म्हणून तिने स्कार्फ खाली ओढला. तिच्या हनुवटीखाली लाल ओरखडे होते. ताजे, आडवेतिडवे. ते कशाचे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. कोरड्या कातडीवरून बोथट ब्लेड उलटं ओढलं की तसंच होतं. घरात न्हावी असताना तिने ते दार लावून, एकटीने केलं होतं.

समोरून ओळखीचा शिंपी येत होता. "काय हो, भर गर्दीच्या वेळी दुकान सोडून कुठं निघालात?"

मुलीने स्कार्फ वर घेतला नाही. ती फक्त बापाकडे बघत राहिली.

"मुलीबरोबर," न्हावी म्हणाला. "तिला चालायला सांगितलंय. तिला..."

शिंप्याने कानामागे हात धरला.

"काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला."