साठ टक्क्यांच्या वर

"अशा केसमध्ये साधारण किती मिळतात हो, डॉक्टर?"

पाठीवरून आणलेल्या आईला तपासणीच्या टेबलावर ठेवल्या ठेवल्या मुलाने विचारलं. अजून त्याचा श्वासही खाली बसला नव्हता.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. भरपाईच्या दाव्यांत अपंगत्वाची टक्केवारी ठरवून देण्याचं काम ते एकवीस वर्षं करत होते. 'ही बरी होईल ना?' असं आधी विचारणारा माणूस त्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा भेटला होता. बाकी सगळ्यांची सुरुवात आकड्यापासून.

"मी फक्त टक्के लिहितो. पैसे कोर्ट ठरवतं."

"ते माहीत आहे मला." मुलाने खिशातून एक कागद काढला, घड्या घालून घालून विरलेला. कुठल्याशा वकिलाच्या कचेरीतलं पत्रक होतं ते. पायाचं बोट, घोटा, गुडघा, कंबर. आणि प्रत्येकापुढे 'साधारण मिळणारी रक्कम'. 'कंबर' या शब्दाखाली पेनाने दोन रेघा ओढलेल्या. खाटकाच्या दुकानातल्या भावफलकासारखा तो कागद बघून डॉक्टरांना किळस आली.

"साठ टक्क्यांच्या वर गेलं की सांभाळणाऱ्या माणसाचा पगार वेगळा मिळतो म्हणे, कायमचा. म्हणजे चोवीस तासांची बाई ठेवता येईल. मग मी सुटलो."

मग मी सुटलो! तेही आईच्या तोंडावर! डॉक्टरांनी म्हातारीकडे पाहिलं. सत्तरीची, लहानखुरी बाई. छताकडे बघत पडली होती. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानातल्या सरकत्या जिन्यावर पडून तिच्या कंबरेचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण त्यानंतर तिने जमिनीवर पाऊल टेकलेलं नाही, असं फाइलमध्ये लिहिलं होतं.

"दिवसभर यांच्याकडे कोण बघतं?"

"कोण बघणार? सकाळी तिचं सगळं आवरतो, डबा उशाशी ठेवतो आणि कामावर जातो. संध्याकाळी येतो तर जशी ठेवली तशीच असते बिचारी. सोबतीला काय ते उंदीर. मेले वरच्या फळीवरची बिस्किटंही सोडत नाहीत." तो हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "दुसऱ्या गावी एकजण थांबलीय माझ्यासाठी. या वर्षाखेरीपर्यंत वाट बघते म्हणाली. मी बेचाळीसचा झालो, डॉक्टर."

बोलता बोलता त्याने शर्टाखालचा कंबरेचा पट्टा घट्ट केला. पाठदुखीवाले लावतात तो, रुंद. नाटकाचं सामान झाडून सगळं आणलंय, डॉक्टर मनात म्हणाले.

मुलाला आईच्या उशाशी सोडून ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले. एक्स-रे आणि रिपोर्ट ते नंतर बघत, आधी तळवे. तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे तळवे तान्ह्या मुलासारखे मऊ होतात, पोटऱ्या वाळून जातात. म्हातारीच्या पायांत जाड मोजे होते.

"मोजे राहू दे म्हणते ती," मुलगा म्हणाला. "मलाही काढू देत नाही. गार वाजतं तिला."

डॉक्टरांनी दोन्ही मोजे ओढून काढले. टाचांना जाडजूड घट्टे होते. भेगांत धूळ बसली होती. पोटऱ्या चांगल्या भरीव, रोज चालणाऱ्या माणसाच्या.

असं आहे तर! खोटे दावे त्यांना नवे नव्हते. पण जन्मदात्या आईला लुळी म्हणून पाठीवर मिरवायचं, या वयात तिला खोटं बोलायला लावायचं आणि त्या पैशांवर स्वतःचं लग्न लावायचं, हा निर्लज्जपणा त्यांनी बघितला नव्हता.

मोजे परत चढवून त्यांनी मुलाच्या हातात एक कागद दिला. "खाली खिडकीवर जा. शिक्का मारून आणा."

मुलाने आईच्या पायांवर पांघरूण सारखं केलं आणि तो गेला. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"डॉक्टरसाहेब," म्हातारी पहिल्यांदाच बोलली, "साठ नका लिहू हो. पन्नास-पंचावन्न पुष्कळ झाले. मला नको ती बाई न् बिई."

डॉक्टरांना भरून आलं. निदान हिच्यात तरी थोडी चाड शिल्लक होती.

"मावशी, मी पन्नासही लिहिणार नाही आणि पाचही लिहिणार नाही. तुम्ही व्यवस्थित चालता. तुमचे तळवे बघितले मी."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नका. तुमचा काही दोष नाही. तो आला की त्याच्या तोंडावर सांगतो सगळं आणि पोलिसांतही देतो. तुम्ही फक्त एवढंच सांगा, तीन वर्षं तोच तुमच्याकडून हे नाटक करून घेतोय ना?"

खालून जिन्यातून मुलाचा आवाज आला. तो कुणाला तरी विचारत होता, चाकाची खुर्ची मिळेल का, पाठीवरून उतरवताना आईच्या हाडांना धक्के बसतात.

म्हातारीने पांघरूण बाजूला केलं. टेबलावरून उतरली, तरातरा दारापर्यंत गेली, दार लावून घेतलं. तशीच परत येऊन टेबलावर चढली आणि पांघरूण ओढून पहिल्यासारखी आडवी झाली.

"हळू बोला ना, डॉक्टर," ती म्हणाली. "त्याला माहीत नाहीये."