परग्रहावरचा मुका जीव

त्या वर्षी कलकत्त्याच्या मराठी मंडळात बँकेतल्या श्रीधर कर्णिकांनी आपली नवी विज्ञानकथा वाचली, तेव्हा मंदाकिनीबाई पहिल्या रांगेत नवऱ्याचा थर्मास मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

कथेतल्या अंतराळवीराने परग्रहावरून लांब शेपटीचा एक प्राणी पाळायला आणला होता. मालकाची पावलं वाजली की तो दारात येई, कपाळावरची आठी पाहून गप्प राही, मालकाचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खाई आणि स्वतःसाठी कधी काही मागत नसे. मंदाकिनीबाईंना त्या मुक्या जिवाची दया आली. तेवढ्यात श्रीधररावांना ठसका लागला. बाईंनी लगबगीने उठून कोमट पाणी दिलं. त्यांनी वर न बघताच पेला घेतला.

वाचन संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "असा प्राणी पृथ्वीवर शोधून सापडायचा नाही. कर्णिकांच्या कल्पनाशक्तीला तोड नाही."

परतताना ट्राममध्ये श्रीधरराव अजून त्या कौतुकातच तरंगत होते. "खरं सांग, कशी वाटली माझी कल्पना?"

मंदाकिनीबाई थर्मासचं झाकण घट्ट करत म्हणाल्या,

"शेपटी तेवढी छान सुचली तुम्हाला."