उद्या दहाला हजर व्हा

इराणमधल्या शिराझच्या सियामकनं दाजींच्या फोनवर स्वतःच व्हीपीएन टाकून दिलं होतं, म्हणजे बंदी असलेल्या परदेशी मालिका त्यांना बघता येतील. मग गंमत म्हणून नव्या नंबरावरून त्यांना मेसेजही ठोकला : 'तुम्ही चोरून काय बघता ते कळलंय. उद्या दहाला सायबर पोलिसांकडे हजर व्हा.'

"आता बघ दाजींची कशी तंतरते!"

"नको रे," बायको म्हणाली, "ते पाणीसुद्धा विचारून पितात."

दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या कपड्यांतल्या दोघा पोलिसांनी घरात शिरून सियामकच्या हातात बेड्या घातल्या.

"तुमच्या दाजींनी सगळं कबूल केलंय. व्हीपीएन तुम्ही टाकून दिलंत म्हणे. ते आता आतच राहतील. फक्त एक कळत नाही...



त्यांना बोलावलं कुणी? आम्ही तर नाही."