उंबरबेटचा गोलकीपर

“तेवढं शेकोट्यायचं खोडून टाक,” भगवंतराव म्हणाले.

मनकर्णेनं टाक थांबवला. “काऊन, बाबा? उद्या क्लबच्या नावाचा दगड तर त्याच्याचसाठी बसवून राह्यले.”

“आमी खेळलो, एवढंच लिव.”

ते ओसरीत शेंगा फोडत बसले होते. फोडलेले दाणे नेहमीसारखे तिच्या बाजूला सरकवत होते. ती बोथच्या शाळेत शिकवायची. उंबरबेट फुटबॉल क्लबचा इतिहास उद्या सगळ्यांसमोर वाचायचा, म्हणून रजा टाकून आली होती.

तो इतिहास तसा गमतीचा. पैनगंगेच्या पात्रातलं हे एवढंसं बेट. जंगलखात्याच्या कुण्या साहेबाचा चामडी चेंडू एका पुरात वाहत आला आणि बेटाला खेळ मिळाला. मैदान म्हणजे उन्हाळ्यात उघडी पडणारी वाळू. तिच्या एका टोकाला उथळ पाणी, दुसऱ्या टोकाला डोह. कायदे बेटाचे स्वतःचे. ज्याच्या लाथेनं चेंडू पाण्यात गेला, त्यानंच पोहून आणायचा. गोलकीपरनं मागं वळून पाहायचं नाही, कारण समोरच्या संघाची माणसं मुद्दाम त्याच्या पाठीमागं बसून त्याला खोट्या हाका मारत. “भगवंता, तुयी म्हैस सुटली रे!” अशी हाक एकदा आली, भगवंतराव वळले, आणि बाजारहत्नूरच्या संघानं गोल केला. तेव्हापासून अख्खं बेट त्यांना ‘म्हैस’ म्हणायचं. पुढं मंचेरियलच्या खाणकामगारांनी क्लबचा पार धुव्वा उडवला, तेव्हाही भगवंतराव काही मागं वळले नाहीत.

मग अठ्ठेचाळीसचा चैत्र आला. नाक्यावरच्या निजामी शिपायांनी बेटावरची काठी, बांबू, सगळं हत्यार म्हणून जप्त केलेलं. पल्याडच्या काठावर निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांची छावणी होती. एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, ती पोरं नदी उतरली. वाळूच्या दोन्ही टोकांना क्लबच्या शेकोट्या पेटलेल्या होत्या, जोडीजोडीनं. त्या उजेडाच्या खुणेनं पोरं बेटावर पोचली, आणि क्लबनं त्यांना डोंग्यातून पुढं काढून दिलं. त्यांच्यातला एक, पल्याडच्या जयवंताबाईंचा लेक यशवंता, तेवढा डोहात बुडाला. हे मुक्तीनंतर त्या पोरांनीच गावोगाव सांगितलं, आणि क्लबचं नाव झालं.

दर चैत्रात जयवंताबाई पल्याडून यायच्या आणि एकेका खेळाडूच्या पाया पडायच्या. खेळाडू माना खाली घालून उभे राहायचे. भगवंतराव मात्र सापडायचे नाहीत. “बाबा बाजारहत्नूरला गेले,” असं मनकर्णा सांगायची. ते कडब्याच्या गंजीमागं बसलेले असायचे. त्या खोट्याची तिला लाज वाटायची, आणि बापाची त्याहून जास्त.

दुपार कलल्यावर क्लबचे कप्तान दादाजी आले.

“काय म्हैस! उद्या पळायचं नाही बरं. दगडावरचा पडदा ती माउली काढन, अन् नारळ तुलेच द्या लागते तिच्या हाती. निजाम गेला, हैदराबाद मोडलं, पल्याडचा काठ मुंबई राज्यात गेला अन् आपुन आंध्रात. सारं बदललं, पन तुयं लपनं काही बदललं नाही!”

भगवंतराव हसले नाहीत. दादाजी गेल्यावर म्हणाले, “मने, तिच्यापुढं उभं राहाले मले तोंड नाही.”

“दुसऱ्यायले आहे, अन् तुमालेच काऊन नाही? तुया बाप भेकड आहे काय, असं लोक मले विचारतात.”

“मंग आयक,” ते म्हणाले.

ते हळू आवाजात बोलत राहिले. तिनं सगळं ऐकलं, कागद गोळा केले आणि चूल पेटवायला उठली. जेवायला वाढलं, तेव्हाही ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

पहाटे भगवंतराव उठले नाहीत.

जयवंताबाई डोंग्यातून उतरल्या, तेव्हा पुरुष माणसं चितेकडून परतत होती. दगडावरचा पडदा तसाच राहिला. त्या सरळ भगवंतरावांच्या अंगणात आल्या आणि मनकर्णेला पोटाशी धरून बसल्या. मनकर्णेला रडू फुटेना. आदल्या रात्री ती एवढंच म्हणाली असती, ‘बाबा, आणखी एक भाकर घ्या,’ तरी चाललं असतं.

“लेकी, तुया बाप मले कदीच भेटला नाही वं,” जयवंताबाई म्हणाल्या. “त्याच्या मनात माह्याविषयी काही होतं काय? त्यानं लावलेला उजेड म्या पल्याडून पाह्यला. तुमचा जयजयकार या कानानं आयकला. माह्या लेकाचं अंधारात कोनी तरी होतं, याच्यावरच म्या इतके दिवस काढले. आता त्याच्या नावानं एक दिवा मले लावू दे.”

दादाजी दारातूनच खाकरले. “मने, माउलीले पानी आन आंदी.”

मनकर्णा उठली नाही. म्हातारीचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

“मावशी, तो उजेड यशवंतासाठी नव्हता. बांबू जप्त झाले होते, म्हणून गोलच्या खांबांच्या जागी शेकोट्या केल्या होत्या. कोणी नदी उतरून राह्यलं, हे कोणाले ठाऊकच नव्हतं. तुमी आयकला तो जयजयकार नाही, मावशी. आमचा गोल झाला होता.”

दादाजींनी मान फिरवली.

“बाबा डोहाकडच्या शेकोट्यायमदी उभे होते,” मनकर्णा म्हणाली. “यशवंताची हाक त्यायनं आयकली होती. कोणी चिडवून राह्यलं असं वाटलं, म्हणून त्यायनं मागं पाह्यलं नाही.”