संकल्पातला एक शब्द

दुपारी बारा वीसला निकाल बदलला. सरपंचपदी शेवंता डोईफोडे एका मताने निवडून आल्याची बातमी चुकीची निघाली. तिला आणि इंदूताईंना समान मते होती. एक वाजता तहसील कचेरीत चिठ्ठी काढणार होते.

इकडे गावच्या देवळात शेवंताच्या विजयाचा अभिषेक सुरू झाला होता. कचेरीतून आलेला नवऱ्याचा फोन ठेवून ती गुलालाने माखलेली, पाटावर तशीच बसून राहिली.

"सरपंचबाई, थांबवू का?" पुजारीकाकांनी विचारले आणि जीभ चावली. "म्हणजे, वहिनी. चिठ्ठी निघाली की बघू."

'थांबवा' तिच्या अगदी ओठांवर आले होते. जिंकलो तरच देवाला पाणी? तिची तिलाच लाज वाटली.

"चालू ठेवा, काका. संकल्पातलं 'विजयाबद्दल' तेवढं गाळा."

"मग काय म्हणू?"

"जे पदरात पडेल ते तुझंच, एवढं म्हणा. आणि माझ्याबरोबर इंदूताईंचंही नाव घ्या."

"अहो, त्या तुमच्या विरोधात उभ्या आहेत!"

"देवाच्या विरोधात नाहीत ना?"

तिने हात जोडले. एक वाजून दोन मिनिटांनी नवऱ्याचा फोन आला. चिठ्ठी उचलली होती, अजून उघडली नव्हती.